जखमेची ओल आणि वरचा पापुद्रा

मागील अंकात भाजलेल्या जखमेविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहिले होते की, कापडाच्या जाळीदार पट्टीऐवजी काही जखमांवर आता पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाची, पातळ, पारदर्शक फिल्म लावतात आणि अशा फिल्म तयार करण्याचे प्रयोग आपल्याकडच्या महाविद्यालयांतूनही चालतात. त्या एका वाक्यावर धारूरपासून उदगीरपर्यंत इतकी पत्रे आली की, या महिन्याचे सदर त्यांनाच देत आहे. 35 वर्षे पॉलिमर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे फिल्मविषयी मी खात्रीने लिहू शकतो. जखमेविषयी जे लिहिले आहे ते माहिती म्हणून वाचावे आणि प्रत्यक्ष जखम डॉक्टरांनाच दाखवावी.

प्रश्न : मी धारूर तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. ऊसतोडीहून परतलेल्या महिलांच्या हातापायांवर कोयत्याच्या आणि पाचटाने कापल्याच्या जखमा असतात. जखम कोरडी ठेवा, तिला वारा लागू द्या, खपली धरली की बरी झाली, असेच आम्ही सांगत आलो. आता फिल्म लावून ओल धरून ठेवायची म्हणतात. मग आम्ही इतकी वर्षे चुकीचे सांगत होतो का?

उत्तर : आपला सल्ला ज्या भीतीतून आला ती भीती खरीच आहे. फडातली माती, पाटाचे पाणी, घाम आणि ओले फडके यांच्यापासून जखम दूर ठेवायची, हाच ‘कोरडी ठेवा’ या सांगण्याचा अर्थ होता आणि तो आजही लागू आहे. मात्र बाहेरून येणारी घाण ओल वेगळी आणि जखमेतून स्वतःहून पाझरणारी लस वेगळी. पहिली जखम चिघळवते, तर दुसरी ती भरून आणते.

हा फरक प्रयोगाने दाखवला तो जॉर्ज विंटर यांनी, 1962 मध्ये. डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असल्याने त्यांनी डुकरांच्या पाठीवर सारख्या आकाराच्या उथळ जखमा केल्या, काही उघड्या सोडल्या आणि काहींवर पॉलिथिनची साधी फिल्म लावली. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने चढली. पुढच्याच वर्षी माणसांवरच्या प्रयोगातही तसेच आढळले. याचे कारण आपल्या शेतकरी वाचकांना लवकर पटेल. वरची माती वाळलेली असली की आपण पाभर खोल दाबतो आणि बी ओलीपर्यंत पोहोचवतो. नव्या त्वचेच्या पेशींचेही तसेच आहे. त्या काठाकडून मध्याकडे सरकत येतात आणि सरकायला त्यांना ओल लागते. जखम उघडी राहून वर टणक खपली धरली की त्या पेशींना खपलीच्या खाली, ओल असेल तितक्या खोलवर उतरून वाट काढावी लागते. ओल वरच टिकली, तर त्या पृष्ठभागावरून सरळ सरकतात.

आता प्रमाण पाहा, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. निरोगी त्वचेतून दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे 200 ग्रॅम पाणी बाष्प होऊन जाते, तर लाल दाणेदार मांस दिसणाऱ्या उघड्या जखमेतून सुमारे 5000 ग्रॅम. तळहाताएवढी, म्हणजे साधारण 100 चौरस सेंटिमीटरची जखम धरली, तर निरोगी त्वचेतून 2 मिलिलिटर आणि जखमेतून 50 मिलिलिटर. अर्धा कप चहाइतके पाणी रोज निघून जाते. वर पूर्ण बंद फिल्म लावली तर हे पाणी खाली साचते, आजूबाजूची चांगली त्वचा पांढरी पडून कुजू लागते. काहीच लावले नाही तर जखम सुकते. म्हणून दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे 2000 ते 2500 ग्रॅम बाष्प सोडणारे आवरण योग्य मानतात. बाजारात मिळणाऱ्या पॉलियुरेथेनच्या अनेक साध्या पारदर्शक फिल्म याहून पुष्कळ कमी बाष्प सोडतात आणि म्हणूनच त्या खरचटणे, सुईची जागा, टाके घातलेली स्वच्छ चीर अशा कमी लस येणाऱ्या जखमांसाठी आहेत.

कोयत्याच्या खोल घावावर फिल्म लावू नये, हे आवर्जून सांगतो. असा घाव वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापडाने दाबून धरून रुग्णाला थेट आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांचा निर्णय होईल. मातीने भरलेला घाव फिल्मखाली बंद करणे म्हणजे जंतूंना उबदार घर बांधून देणे होय.

प्रश्न : मी नांदेडला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. कायटोसानची, म्हणजे झिंगे-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पॉलिमरची, फिल्म हा माझा प्रकल्प आहे. फेब्रुवारीत बनवलेल्या फिल्म चांगल्या होत्या. एप्रिलपासून त्याच कृतीने ओतलेल्या फिल्म वाटीसारख्या वळतात, काही मधोमध तडकतात. शिवाय पाण्यात टाकल्या की विरघळतात. आता त्यात चांदीचे सूक्ष्मकण आणि कोरफडीचा गर घालावा असे मला सुचवले आहे. मी काय करावे?

उत्तर : आपली कृती बदललेली नाही, हवा बदलली आहे. माझ्याही प्रयोगशाळेत एका मे महिन्यात अशाच 40 बशा वाया गेल्या होत्या. मी कायटोसानच्या बाटलीला दोष देत होतो. झाडलोट करणाऱ्या मावशींनी एक वळलेली फिल्म हातात घेतली आणि म्हणाल्या, “सर, उडदाचा पापड उन्हात टाकला की असाच होतो. तो सावलीत वाळवायचा असतो.” त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. बशीत ओतलेल्या द्रावणातून पाणी केवळ वरच्या बाजूने जाते. हवा तापलेली आणि कोरडी असली की वरचा थर आधी घट्ट होऊन आकसतो, खालचा अजून ओला असतो आणि दोघांच्या ओढाताणीत कडा वर उचलल्या जातात. कडा बशीला घट्ट चिकटलेल्या असतील तर ताण मध्यावर येतो आणि फिल्म तडकते. त्यावर उपाय एकच, वाळवण्याचा वेग कमी करणे. बशीवर बारीक भोके पाडलेला ॲल्युमिनियमचा कागद झाका, ओव्हनचे तापमान 35 ते 40 अंशांच्या वर नेऊ नका आणि दोन दिवस लागले तरी लागू द्या.

त्याआधीच्या काही गोष्टी आपण करत असालच, तरीही लिहितो, कारण प्रबंधांतून त्या वगळलेल्या असतात. कायटोसान 1 टक्का ॲसेटिक आम्लात रात्रभर ढवळत ठेवावे, नंतर नायलॉनच्या कापडातून गाळावे आणि हवेचे बुडबुडे वर येऊन जाईपर्यंत स्थिर ठेवावे. एक बुडबुडा म्हणजे एक भोक आणि भोकातून जंतू जातात. ओतताना माप मिलिलिटरमध्ये नव्हे, तराजूवर घ्या, कारण हे द्रावण मधासारखे दाट असते आणि नळीच्या आत राहून जाते. 9 सेंटिमीटर व्यासाच्या बशीत 2 टक्क्यांचे 20 ग्रॅम द्रावण ओतले, तर 0.4 ग्रॅम कायटोसान सुमारे 64 चौरस सेंटिमीटरवर पसरते आणि कोरडी फिल्म 50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहून थोडी पातळ उतरते. ती सगळीकडे सारख्या जाडीची यावी म्हणून ज्या फळीवर बशा ठेवता ती गवंड्याच्या पाणसळीने तपासा. हे काम पाच मिनिटांचे आहे. ते न केल्यामुळे एकाच फिल्मच्या दोन कडांच्या मजबुतीचे आकडे जुळत नाहीत आणि विद्यार्थी त्याची कारणे रसायनशास्त्रात शोधत बसतो.

फिल्म लवचिक राहावी म्हणून कायटोसानच्या वजनाच्या 20 ते 30 टक्के ग्लिसरीन घालतात. ग्लिसरीनचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. त्याहून जास्त घातले तर तीच फिल्म पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून चिकट होते. मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत चालेल असे प्रमाण शोधणे हाच मराठवाड्यात या विषयावर काम करणाऱ्याचा पहिला खरा प्रश्न आहे आणि त्यावर लिहिलेले प्रकरण मला चांदीच्या सूक्ष्मकणांहून अधिक मोलाचे वाटेल.

आता विरघळण्याविषयी. कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही. आम्लात त्याच्या अमिनो गटांवर धनभार येतो, साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि द्रावण होते. आपण वाळवलेली फिल्म म्हणजे त्या कायटोसानचे ॲसेटेट आहे. आम्ल अजून तिच्या आत आहे. जखमेतल्या लशीतही ती फुगून चिकट लगदा होईल. म्हणून वाळलेली फिल्म सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ, साधारण 4 टक्क्यांच्या द्रावणात बुडवून नंतर धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी. येथे अनेकांची फसगत होते. या धुण्यात ग्लिसरीनही निघून जाते, फिल्म पुन्हा ठिसूळ होते आणि विद्यार्थ्याला आपण कोठे चुकलो तेच कळत नाही. धुतल्यानंतर ती ग्लिसरीनच्या पातळ द्रावणात थोडा वेळ ठेवून, चौकटीत कडा पकडून पुन्हा वाळवावी.

त्यानंतर आणि काहीही मिसळण्याआधी, बाष्प किती जाते ते मोजावे. 2 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाच्या काचेच्या बाटलीत पाणी घ्या, तोंडावर फिल्म पक्की बसवा, 37 अंशांवर ठेवा आणि 24 तासांनी वजन करा. तोंडाचे क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटिमीटर आहे, वजन 0.63 ग्रॅम घटले तर हिशेब दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे 2000 ग्रॅम होतो. शेजारी फिल्म न लावलेली एक बाटलीही ठेवा. पण बाहेरची हवा किती दमट आहे यावर हा आकडा मोठ्या प्रमाणात बदलतो, म्हणून बंद पेटीत मॅग्नेशियम क्लोराइडचे संतृप्त द्रावण ठेवून आर्द्रता 33 टक्क्यांच्या जवळ स्थिर करावी. मिठाचे संतृप्त द्रावण ठेवले तर ती 75 टक्के राहते. आर्द्रता न लिहिता दिलेला बाष्पाचा आकडा मी परीक्षक असताना कधीही स्वीकारला नाही.

चांदी आणि कोरफड यांविषयी माझे मत कोणाला पटणार नाही, तरी लिहितो. चांदीचे आयन जंतूंना मारतात हे खरे, पण जास्त प्रमाणात ते त्वचेच्या नव्या पेशींनाही मारतात. कोरफडीच्या गरात पाणी, साखरा आणि जंतू यांचे प्रमाण दर पानाला वेगळे असते. दोन्ही एकाच फिल्ममध्ये घातल्यावर परिणाम कोणाचा, हे सांगता येत नाही. त्याहून घातक चूक अशी की, धुतली नसलेली फिल्म जंतू वाढवलेल्या बशीत ठेवून भोवती स्वच्छ वर्तुळ दिसले की ‘फिल्म जंतुनाशक आहे’ असे लिहिले जाते. ते वर्तुळ बहुधा फिल्ममधून बाहेर पडणाऱ्या ॲसेटिक आम्लाचे असते. उदासीन केलेले कायटोसान बाहेर पसरत नाही, ते फार तर आपल्या स्पर्शाखालच्या जंतूंना अटकाव करते. म्हणून तुलनेसाठी धुतलेली रिकामी फिल्म आणि केवळ आम्लात भिजवलेला कागद, दोन्ही ठेवा.

निर्जंतुक करण्यासाठी अतिनील दिव्याखाली ठेवणे पुरेसे नाही आणि 121 अंशांच्या वाफेत अशी फिल्म टिकत नाही. उद्योगात त्यासाठी गॅमा किरणांची 25 किलोग्रे मात्रा वापरतात, पण त्या किरणांनी कायटोसानच्या साखळ्या तुटतात, तेव्हा किरण दिल्यानंतरची मजबुती पुन्हा मोजावी लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून भाजलेल्या जखमांसाठी जे हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारे जेल, तयार केले, त्यात याच किरणांचा उपयोग करून घेतला आहे. तेथे किरणांनी साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि जेल निर्जंतुकही होते, तेही बाहेरून कोणतेही विषारी जोडद्रव्य न घालता. आपल्या प्रकल्पात साखळ्या जोडण्यासाठी ग्लुटराल्डिहाइड हे विषारी जोडद्रव्य सुचवले गेले, तर हे उदाहरण मार्गदर्शकांपुढे ठेवा. पुढची पायरी म्हणजे पेशींवरील चाचणी. तिच्यात जिवंत पेशींचे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली गेले तर तो पदार्थ पेशींना अपायकारक मानला जातो.

प्रश्न : आमच्या वसमत भागात घरोघरी हळद आहे आणि जखमेवर हळद दाबणे हा आजीपासूनचा उपाय आहे. मग हळदीची फिल्म बनवण्यात नवीन काय? आणि हळदीचे पेटंट अमेरिकेत घेतले गेले होते, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते आणि ते स्वतः पॉलिमरशास्त्रज्ञ आहेत. परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले, जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 मधील भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून दाखल केला आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीला जे ठाऊक होते त्यावर मालकी सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ.

मात्र तो विजय घरच्या डब्यातली हळद जखमेत भरावी असे सांगत नाही. हळकुंडे शिजवून आपण ती मोकळ्या जागेवर, अनेकदा जमिनीवरच वाळवतो. मातीतल्या काही जंतूंची बीजे उकळल्यानेही मरत नाहीत आणि धनुर्वाताचा जंतू त्यांपैकीच एक आहे. शिवाय बाजारातल्या भुकटीत रंगाची भेसळ असू शकते आणि भुकटीचे कण जखमेत अडकून राहतात, ते काढताना नवे मांस निघून येते.

फिल्ममध्ये नवीन आहे ते मोजमाप. हळदीतला करक्युमिन हा घटक भुकटीत साधारण 2 ते 5 टक्के असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात फिका पडतो आणि अल्कधर्मी द्रवात लवकर विघटित होतो. तो जखमेपर्यंत पोहोचवायचा, ठरावीक प्रमाणात, दोन-तीन दिवस सावकाश सुटत राहील असा, हे काम पॉलिमरच्या जाळीचे आहे. आपल्या भागातील एखाद्या महाविद्यालयाने हा विषय घेतला तर मला आनंदच होईल. परंतु वसमतची हळद कितीही नामवंत असली, तरी प्रयोगाला शुद्ध करक्युमिन आणि त्याचे प्रमाणपत्र लागेल.

प्रश्न : मी अंबड तालुक्यात तुती लावून रेशीम कोष घेतो आणि जालन्याच्या बाजारात विकतो. डाग पडलेल्या, भोक पडलेल्या कोषांना भाव मिळत नाही. रेशमापासून जखमेवरची फिल्म बनते असा व्हिडिओ पाहिला. एक यंत्र घेऊन हा व्यवसाय सुरू करता येईल का?

उत्तर : रेशमापासून अशी फिल्म बनते, हे पूर्णपणे खरे आहे आणि भारतात रेशमाच्या प्रथिनापासूनची ड्रेसिंग विक्रीलाही आहेत. रेशमाचा धागा हाही निसर्गाने बनवलेला पॉलिमरच. त्याचे दोन भाग असतात. आतला फायब्रोइनचा मजबूत तंतू आणि त्याला चिकटवून ठेवणारे सेरिसिन. सेरिसिन कोषाच्या कवचाच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतके असते. दोन्ही एकत्र शरीराला लागले तर काहींना त्रास होतो, म्हणून सेरिसिन आधी काढतात. त्यासाठी कापलेले कोष धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ द्रावणात, लिटरला सुमारे 2 ग्रॅम, अर्धा तास उकळतात. उरलेला पांढराशुभ्र तंतू लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात 60 अंशांवर चार तास विरघळवतात आणि मग ते मीठ निघून जावे म्हणून द्रावण अर्धपार (मीठ बाहेर सोडणाऱ्या, पण प्रथिन अडवणाऱ्या) पिशवीत भरून दोन दिवस शुद्ध पाण्यात, पाणी बदलत, ठेवतात. हाती येते ते किंचित पिवळसर, पाण्यासारखे द्रावण. ते जोरात हलवले तरी घट्ट होऊन बसते, इतके नाजूक असते. सपाट बशीत वाळवल्यावर त्याची काचेसारखी फिल्म निघते. तीही प्रथम पाण्यात विरघळते. अल्कोहोलमध्ये बुडवली किंवा पाण्याच्या वाफेत ठेवली की प्रथिनाच्या साखळ्या घड्या घालून एकमेकींना धरतात आणि मग ती पाण्यात टिकते. भोक पडलेला कोष धागा काढण्यासाठी निरुपयोगी ठरतो, पण विरघळवण्यासाठी धागा अखंड असण्याची गरज नाही, त्यामुळे आपला विचार चुकीच्या दिशेने गेलेला नाही.

तरीही यंत्र घेऊ नका, असेच मी सांगेन, आणि त्याचे कारण हिशेबात आहे. एक किलो ताज्या कोषांत आतले किडे वगळता कवच साधारण 200 ग्रॅम असते आणि त्यातून सुमारे 140 ग्रॅम फायब्रोइन मिळते. 10 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 50 मायक्रॉन जाड फिल्मला 0.7 ग्रॅमही लागत नाही. म्हणजे कागदावर एक किलो कोषांतून 200 फिल्म. एखाद्या मोठ्या रुग्णालयाची वर्षाची गरज एका शेडच्या एका पिकातून भागेल, असा याचा अर्थ होतो आणि त्यामुळे कोषांचा भाव वाढेल ही आशा फोल ठरते. किंमत कोषाची नसतेच. ती स्वच्छ खोली, शुद्ध पाणी, निर्जंतुकीकरण, चाचण्या आणि परवाने यांची असते. 1 एप्रिल 2020 पासून देशातील सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि जखमेवरची फिल्म हेही त्यात मोडते. परवान्याशिवाय घरी बनवून विकणे हा गुन्हा तर आहेच, पण कोणाच्या तरी उघड्या जखमेशी केलेला खेळही आहे.

आपण करू शकता असे एक काम मात्र आहे आणि ते आपल्याशिवाय कोणी करू शकणार नाही. संगोपनगृहात आपण चुना, ब्लिचिंग पावडर, निर्जंतुकीकरणाची औषधे वापरता. कोणत्या पिकाला कोणती, किती आणि केव्हा वापरली याची नोंद प्रयोगशाळेला हवी असते आणि बाजारातून घेतलेल्या मिसळलेल्या कोषांना ती कधीच नसते. असे नोंदवहीसह वेगळे ठेवलेले, किडे काढून वाळवलेले थोडेसे कोष आपण छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातील संशोधकांना देऊ केले, तर तो संवाद पुढे कोठे जाईल हे पाहण्याची मला स्वतःला उत्सुकता आहे.

प्रश्न : माझे वडील माळकरी आहेत. पायाच्या जखमेवर लावलेले ड्रेसिंग झिंग्याच्या कवचापासून बनते असे कळल्यावर ते काढून टाका म्हणतात. काय सांगावे? (पैठण)

उत्तर : कायटोसान बहुतेक वेळा झिंगे आणि खेकड्यांच्या कवचापासूनच करतात, त्यामुळे वडिलांची शंका बरोबर आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. बुरशीपासून बनवलेले कायटोसानही असते. तपकिरी समुद्री शैवालापासूनचे अल्जिनेट, सेल्युलोजपासूनची द्रव्ये, पॉलियुरेथेन आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांचा मूळ घटक प्राणिज नाही, तर जिलेटिन आणि कोलॅजेन प्राण्यांपासून मिळतात. लस भरपूर येत असेल तर अल्जिनेट हा चांगला पर्याय आहे, कारण त्यातले कॅल्शियम लशीतल्या सोडियमशी अदलाबदल करते आणि त्याचे मऊ जेल होते. पाकिटावर मूळ स्रोत प्रत्येक वेळी छापलेला नसतो, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि पर्याय हाती येईपर्यंत आहे ते ड्रेसिंग घरी ओढून काढू नये.

प्रश्न : उदगीरला आमच्या आजीच्या नडगीला खरचटले होते. दवाखान्यात पारदर्शक फिल्म लावली. तिसऱ्या दिवशी तिच्याखाली पिवळसर तपकिरी पाणी दिसले. पू झाला समजून आम्ही फिल्म उपटली, तर शेजारची कातडी सोलून निघाली. आमचे काय चुकले?

उत्तर : ते पाणी बहुधा लसच होती. फिल्मखाली साचलेली लस दोन-तीन दिवसांत गढूळ, पिवळसर दिसते, तिला थोडा वासही येतो आणि प्रथमच पाहणाऱ्याला ती पू वाटते. भोवतीची लाली दिवसागणिक पसरत असेल, जागा गरम लागत असेल, ठणका वाढत असेल, दुर्गंधी किंवा ताप असेल तर तो संसर्ग समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आजींना मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा चटका लागलेला कळत नसेल, तर यांपैकी एकही लक्षण नसताना सुद्धा दाखवावे, कारण अशा पायाला दुखणे जाणवत नाही. लस कडेने बाहेर झिरपू लागली असेल तर फिल्म बदलावीच लागते, कारण ज्या वाटेने लस बाहेर येते त्याच वाटेने जंतू आत जातात.

कातडी निघाली ती काढण्याच्या पद्धतीमुळे. वयस्कर माणसांची त्वचा पातळ असते आणि फिल्म वर उचलून ओढली की सगळा जोर तिच्यावर येतो. एका हाताने त्वचा दाबून धरावी, फिल्मचा एक कोपरा मोकळा करावा आणि तो वर न उचलता त्वचेला समांतर, जखमेपासून दूर, रबर ताणल्यासारखा सावकाश ताणावा. फिल्म ताणली की तिचा चिकटपणा आपोआप सुटत जातो. मग थोडे पुढे सरकून पुन्हा ताणावे आणि असे चारही बाजूंनी करत शेवटी जखमेवरचा भाग उचलावा.